सिग्नेची सुई

फ्रीझर रिकामा करायचा, एवढंच काम होतं. भुताखेतांचा त्यात काही संबंध नव्हता. दिवा जरा इकडे सरकव टिली, आणि ती शाल पायांवर घे. तुझे आजोबा असते तर त्यांनी तुला हे छान रंगवून सांगितलं असतं. मला ते जमत नाही. बेचाळीस वर्षं मी यीस्टचे ठिपके मोजले. जे दिसलं ते वहीत उतरवायचं, एवढीच सवय.

गेल्या ऑक्टोबरात कोराचा फोन आला. कोरा युएन, आमच्या प्रयोगशाळेची आताची प्रमुख. मी नोकरीत होते तेव्हा ती पीएचडी करायला आलेली पोर होती. आमच्याकडे कॉफी काचेच्या चंचुपात्रातून प्यायची पद्धत, आणि पहिल्याच दिवशी बाईसाहेबांनी कॉफी समजून यीस्टचं खाद्य तोंडाला लावलं होतं. ते मी तिला अजून विसरू देत नाही.

"बर्नी, इमारत पाडतायत," ती म्हणाली. "नव्या जागेत मला एकच फ्रीझर मिळणार. यीस्टचे जुने वाण कुठले ठेवायचे, कुठले फेकायचे, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

"म्हणजे कचरा काढायला म्हातारी हवी."

"कचरा काढायला नाही हो! कचरा कुठला ते सांगायला. नोव्हेंबरअखेर फ्रीझरची वीज तोडतील. तोवर या ना."

गेले. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, तरी जिना चढताना हात आपोआप कठड्यावरच्या त्याच गुळगुळीत जागी पडला. दार उघडलं आणि तो वास आला. फुगलेल्या पिठाचा, थोडा आंबूस, थोडा बिअरसारखा. काय सांगू तुला, माझे डोळेच भरून आले. तरुणपणी आम्ही घरी गेलो की घरचे म्हणायचे, आले बघा बेकरीवाले. तेव्हा राग यायचा. आता तो वास कुणी बाटलीत भरून दिला असता तर मी उशाशी ठेवला असता.

खिडकीतून खाली कालवा दिसतो. पूल वर उचलला जायचा तेव्हा घंटा व्हायची, आणि आम्ही सगळे सुया ठेवून कुठली होडी जातेय ते बघायला खिडकीशी. मागच्या व्हरांड्यात दोरीवर मखमलीचे चौकोनी तुकडे वाळत असायचे, काळे, ओळीने. ते कापायची, धुवायची ती सिग्ने. सिग्ने ओस्टबी.

कोराने माझ्यासमोर जुनं नोंदणीबुक ठेवलं. त्यात प्रत्येक वाणाचा क्रमांक, कुणी शोधला त्याचं नाव, आणि काय विशेष ते. मी पानं उलटत गेले आणि सिग्नेच्या पानावर थांबले. एक्केचाळीस वाण. आणि समासात लाल शाईत आमच्या तेव्हाच्या प्रमुखांचं, डॉक्टर किटरेजांचं अक्षर. 'अविश्वसनीय.'

"हे सोपं आहे," कोरा म्हणाली. "हे एक्केचाळीस गेले. लाल शेरा आहे ना."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, शेवटी बघू.

आता तुला सिग्नेचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी तेव्हा एकवीस वर्षांची, बॅलार्ड बंदरावर डब्यांत मासे भरणाऱ्याची मुलगी, हातांना मुळीच वळण नसलेली. ती पंचेचाळीसची, डावखुरी, सडसडीत. तिने मला सुई धरायला शिकवलं. यीस्टच्या पोटाला चिमटा काढला, उपाशी ठेवलं, की ते एका इवल्याशा पिशवीत चार बीजाणू घालतं. चार भावंडं. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सुईने ती चारही वेगळी करायची आणि खाद्य ओतलेल्या गोल ताटलीवर एका ओळीत, सारख्या अंतरावर मांडायची. केसापेक्षा बारीक सुई ती, प्रत्येकाने आपली आपण ओढायची, दांडीला नेलपॉलिशचा आपला ठिपका लावायचा. सिग्नेचा हिरवा, माझा लाल. सगळ्या सुया एका लाकडी पेटीत, ज्याच्या त्याच्या खाचेत. दुसऱ्याच्या सुईला कुणी हात लावायचा नाही.

बीजाणू सुईला चिकटतो, सुटता सुटत नाही. मग नखाने टेबलावर वाजवायचं. त्या हादऱ्याने तो सुटतो. प्रत्येकाचं वाजवणं वेगळं. सिग्नेचं, टक टक… मग थोडं थांबून, टक. माझं लागोपाठ तीन. ती हसायची. "अगं बर्नी, दारात पोस्टमन आलाय का? जरा दम धर की." पाठ करून बसलो असलो तरी कोण काम करतंय ते आवाजावरून कळायचं.

आणि एक रीत होती. कुणी प्रयोगशाळा सोडून निघाला की निरोपाच्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर आपली सुई आपल्या हाताने मोडायची. टाळ्या, केक, बिअर. सुई मोडली की माणूस सुटला. मी पाच वर्षांपूर्वी माझी मोडली तेव्हा कोरानेच काचा झाडून घेतल्या होत्या.

सिग्नेची सुई कुणी मोडली नाही. ती केक खाऊन गेलीच नाही ना.

एकोणीसशे अडुसष्टचा वसंत. सिग्नेने एका वाणात दोन दोष शोधले. एक, तो थंडीत वाढत नाही. दुसरा, एका विशिष्ट खाद्याशिवाय वाढत नाही. तिचं म्हणणं, हे दोन दोष हातात हात घालून चालतात. ज्या बीजाणूत एक, त्याच्यात दुसरा असणारच. म्हणजे दोन जनुकं अगदी शेजारी राहतात. किटरेज तेव्हा तरुण, नाव कमवायची घाई. त्यांनी ते उन्हाळ्याच्या परिषदेत सांगून टाकलं, आणि मग मला म्हणाले, दुसऱ्या हाताने एकदा ताडून बघ.

ते ताडून बघणं मखमलीवर होतं. बीजाणूंच्या ओळी वाढून ठिपके झाले की ती ताटली लाकडी ठोकळ्यावर ताणलेल्या मखमलीवर अलगद दाबायची. मखमलीवर ठसा उमटतो. मग त्याच मखमलीवर कोऱ्या ताटल्या दाबायच्या, एक थंडीत ठेवायची, एक त्या खाद्याशिवायची. पण ताटली गोल. तिला ना डोकं ना पाय. म्हणून प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलीची खूण करतात, आणि ती खूण ठोकळ्यावरच्या खुणेशी जुळवूनच दाबायची. सिग्नेने हे मला शंभर वेळा सांगितलं असेल.

त्या शुक्रवारी खाली लार्सच्या ट्रकचा हॉर्न वाजत होता. हो, तुझे आजोबा. आम्हाला नाचायला जायचं होतं, मी नवा पिवळा फ्रॉक घालून आले होते. थंडीची ताटली मी उलटी दाबली. खूण वरच्या बाजूला हवी, ती खाली, म्हणजे सगळे ठिपके भलत्यांच्या जागी. मला कळलंही नाही.

निकाल आला. दोन्ही दोष अस्ताव्यस्त पसरलेले, कुठेच हातात हात नाही. किटरेजांनी परिषदेला पत्र लिहून आपलं म्हणणं मागे घेतलं, आणि सगळ्यांसमोर सिग्नेला म्हणाले की तुझ्या हाताखालून गेलेल्या कशावरच आता विश्वास ठेवता येणार नाही. ती एवढंच म्हणाली, "माझी सुई खोटं बोलत नाही, डॉक्टर." मग कोट काढून खुंटीला अडकवला आणि गेली. दोन वर्षांनी बहिणीच्या घरी वारली.

तीन आठवड्यांनी जुन्या ताटल्या फेकताना मला ती उलटी खूण दिसली. बराच वेळ ती ताटली हातात धरून उभी होते. मग वापरलेल्या ताटल्यांतलं सगळं मारायच्या वाफेच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. मी बावीस वर्षांची होते, लग्न ठरलं होतं, नोकरी जाईल याची भीती वाटली. भित्री होते मी, दुसरं काय. पुढे दर वर्षी सांगणं आणखी कठीण होत गेलं. मग मला उत्कृष्ट कामाचं पदक मिळालं, तेव्हा तर तोंड शिवूनच टाकलं. एवढं मात्र केलं की काचनळ्यांतले वाण फ्रीझरमध्ये हलवायची वेळ आली तेव्हा सिग्नेचे एक्केचाळीसही मी गुपचूप हलवले. आता ते माझ्याच हाताने कचऱ्यात जाणार होते. माझ्याशिवाय कुणाला काही कळणार नव्हतं. तिची बारा वर्षं त्या एक्केचाळीस कुप्यांत होती, टिली.

दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी कोराला खोटं सांगितलं की काही वाण जिवंत आहेत का ते बघते, आणि सिग्नेची त्या दोन दोषांच्या वाणाची कुपी बाहेर काढली. यीस्ट पंचवीस वर्षं गोठलं होतं. कोमट ताटलीवर ठेवलं, दोन दिवसांत साय धरावी तसं वर आलं. वास तोच. मग उपाशी ठेवलं, आणि पाच दिवसांनी सूक्ष्मदर्शकाशी बसले.

शनिवार होता, दुपारचे चार. नोव्हेंबरात आपल्याकडे चारलाच अंधारून येतं. मजल्यावर कुणी नव्हतं. अर्ध्या खोल्यांतलं सामान हललेलं, बाहेर धुकं, कालव्यावर एखादा भोंगा. पेटी उघडली. सगळ्या खाचा रिकाम्या, एक सोडून. हिरवा ठिपका. दुसऱ्याच्या सुईला हात लावायचा नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "सिग्ने, घेते हं." मोठ्याने म्हटलं. रिकाम्या खोलीत माझाच आवाज मला परका वाटला.

पहिली पिशवी फुटली. चार बीजाणू मांडले. माझं नख टेबलावर पडलं, तीनदा. दुसरी ओळ. तिसरी. जुन्या हाताला सगळं आठवत होतं गं. मला बरं वाटायला लागलं होतं, मी गुणगुणतही होते. पाचव्या ओळीला बीजाणू सुईवरून सुटेना. मी वाजवायला बोट उचललं.

टक टक… टक.

माझं बोट हवेतच होतं.

बीजाणू सुटला होता. आवाज डावीकडून आला होता, शेजारच्या रिकाम्या टेबलावरून, जिथे ती बसायची. मी मान वळवली नाही. भिंगाला डोळा लावलेला तसाच ठेवला. वाटलं, नळ गळत असेल… पाइप असेल… आणि मग वास आला. वेलदोड्याचा. सिग्ने दर शनिवारी घरून वेलदोडा घातलेला पाव आणायची, आमच्याच यीस्टने फुगवला म्हणून थट्टा करायची. तो गरम पावाचा वास माझ्या मानेपाशी होता.

"मी करतेय," मी कुजबुजले. "बरोबर करतेय… यावेळी बरोबर करीन."

सहावी ओळ, सातवी. प्रत्येक वेळी सुई अडली की डावीकडून टक टक… टक. नवव्या ओळीनंतर डोळ्यांतून इतकं पाणी यायला लागलं की पुढचं दिसेना. नऊ ओळी. मी वहीत लिहिलं, नऊ, वेळ पाच चाळीस, सही. सुई हिरव्या खाचेत ठेवली आणि कोट हातात घेऊनच जिना उतरले.

मंगळवारी कोराने ताटली उबेतून काढली.

"वा, बर्नी! हात अजून तसाच आहे. दहाच्या दहा ओळी वाढल्यात."

"नऊ," मी म्हटलं.

"दहा आहेत. मोजा ना."

दहा होत्या. माझ्या नऊ सरळ. दहावी उजवीकडून डावीकडे किंचित उतरती, डावखुऱ्या हाताने मांडावी तशी. कोरा वहीतला नऊचा आकडा बघून हसली. म्हणाली, चष्मा बदला. मीही हसले.

मखमल मी नवी घेतली नाही. तळाच्या खणात सिग्नेच्या कापलेल्यांपैकी एक सापडली, कडेला तिचे टाके. खूण खुणेशी जुळवली. एकदा नाही, तीनदा तपासली. थंडीची ताटली आठवडाभर थंडीत राहिली. बाहेर काढली तेव्हा दोन्ही ताटल्या शेजारी ठेवून बघायचीही गरज नव्हती. दहाही ओळींत जे ठिपके एकीवर नव्हते, तेच दुसरीवरही नव्हते. हातात हात.

मी कोराला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. हॉर्न, पिवळा फ्रॉक, वाफेचा डबा.

"पंचेचाळीस वर्षं?" ती म्हणाली. "बर्नी, तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलं होतंत, चूक झाली तर लगेच सांग, माफ करीन. लपवलीस तर नाही."

"ते मला कुणीतरी शिकवलं होतं," मी म्हटलं.

त्याच दुपारी आम्ही तळ्यापलीकडे किटरेजांकडे गेलो. वृद्धाश्रमात खिडकीशी बसले होते, चौऱ्याऐंशीचे, हात थरथरणारे. ताटल्या पाहिल्या. मला वाटलं ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "ती सोडून गेली त्या दिवशी आधी माझ्या खोलीत आली होती. म्हणाली, थंडीच्या ताटलीची खूण तेवढी बघा, डॉक्टर. मी बघितली नाही. ताटली माझ्यापासून दहा पावलांवर होती, बर्नी." मग आम्ही नेलेल्या नोंदणीबुकातल्या लाल शेऱ्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने काट मारली. रेघ वेडीवाकडी गेली, पण गेली.

"तिची सुई?" त्यांनी विचारलं.

"पेटीतच आहे."

"मग अजून निघायची राहिलीय ती. तिला नीट निरोप द्या."

शेवटच्या शुक्रवारी आम्ही निरोप ठेवला. सिग्नेचे एक्केचाळीस वाण नव्या फ्रीझरमध्ये वरच्या कप्प्यात गेले होते, तिच्या नावाने. मी वेलदोड्याचा पाव केला होता. किटरेजांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. कोराची विद्यार्थी पोरं, जुने चारपाच जण. मी सगळ्यांसमोर पुन्हा एकदा सांगितलं, माझी चूक होती, तिची नव्हती. मग जुन्यांपैकी एकाने टाळी वाजवली, आणि मी रडले, आणि मला वाटलं सुटले एकदाची.

कोराने पेटी माझ्यापुढे धरली. "तुम्ही मोडा, बर्नी. तिच्या वतीने."

झाकण उघडलं. हिरव्या खाचेत सुई मोडलेली होती. मधोमध, दोन सारखे तुकडे, शेजारी शेजारी मांडलेले. किटरेजांकडून आल्यावर पेटीला मी कुलूप लावलं होतं आणि किल्ली आठवडाभर माझ्या गळ्यात होती. पोरांना वाटलं कुणीतरी गंमत केली. किटरेज डोळे मिटून हळूच म्हणाले, "गेली." आणि मला खरंच आनंद झाला, टिली. गेली बिचारी. सुटली.

मग कोरा म्हणाली, "बर्नी… ही कुणाची?"

माझ्या खाचेत, जी पाच वर्षं रिकामी होती, एक अखंड सुई होती. दांडीला लाल ठिपका. मी ती उचलली. वजन ओळखीचं, ओढताना टोकाला माझ्याकडून पडायचा तो बारीकसा बाकही तोच. कोरा मोडा, मोडा म्हणाली. मी दोन्ही हातांनी धरून वाकवली, वय झालेलं असलं तरी काचेची काडीच ती. वाकली, आणि परत सरळ झाली. मोडली नाही. शेवटी पुन्हा खाचेत ठेवून झाकण लावलं. पेटी तशीच त्या टेबलावर राहिली. इमारत एप्रिलमध्ये पाडणार आहेत. रखवालदार कोराला म्हणाला, संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर काहीतरी वाजतं, लागोपाठ तीन, कुणी घाईत असल्यासारखं.

त्या दिवशी ठिपक्याचं नेलपॉलिश ओलं होतं. माझ्या बोटाला लागलं. हे बघ, अजून आहे. साबण, स्पिरिट, सगळं करून झालं, जात नाही.

टेबलावर वाजवायला मी हेच बोट वापरायचे.